खुंटीवरचं पान

गेल्या पंधरवड्यात नातसुनेनं कुंभाराकडून कोऱ्या कुंड्या आणल्या. ओट्यावर ओळीनं मांडल्या, एकेकीत तांब्याभर पाणी ओतलं, आणि ती भाजलेली माती सूं सूं करत पाणी प्यायला लागली. तो वास आला मात्र, माझं नाक मला न विचारता अमरावतीतून निघालं आणि थेट अकोटाकडच्या आमच्या गावी जाऊन उभं राहिलं. बाकीची मी गुडघ्यांना हात लावत मागून गेले.

पदर खोचून ती म्हणाली, "आजी, मरत नाही असं झाड सांगा एखांदं. अन् दिसाले बी चांगलं पायजे."

मी हसत सुटले. तिला वाटलं, म्हातारीला काहीतरी आठवलं असेल चावट. तिचा काय दोष, बहुतेक वेळा तेच असतं. पण हे शब्द माझे होते. कंबरेवर दोन्ही हात, नाकात नवी नथ आणि नथीपेक्षा जड तोरा, अशी एक पोट्टी आमच्या अंगणात उभी राहून हेच म्हणाली होती. ती पोट्टी म्हणजे मी. आज समोर आली तर आधी एक धपाटा घालीन, मग जवळ घेईन.

नातसुनेला मी शहाण्यासारखं सगळं सांगितलं. काळी माती कुंडीत भरू नको. शेतात ती लक्ष्मी, कुंडीत कैदाशीण. पाणी मिळालं की फुगते, ऊन लागलं की आक्रसते, आणि मधल्या मध्ये मुळांचे तुकडे करते. नदीची रेती घाल, जुनं कुजलेलं शेण घाल, बुडाच्या भोकावर खापरी पालथी ठेव. कोरांटी लाव, ती उपाशी राहूनही फुलते. सदाफुली लाव, तिला शेळीसुद्धा तोंड लावत नाही. गुलबक्षी लाव. उन्हाळ्यात ती मेल्याचं सोंग घेते, खाली गड्डा जिवंत असतो, पाऊस पडला की लाज सोडून पुन्हा उभी. कोरफडीला तर तू विसरलीस तरी चालेल.

ती कौतुकानं म्हणाली, "किती माहीत हाये आजी तुमाले!"

माहीत असणारच. टोळधाडीनं जेवढी झाडं खाल्ली नसतील तेवढी मी लहानपणी मारली आहेत.

तेव्हा कापसाचे दिवस होते. समुद्रापलीकडे कुठेतरी लढाई लागली होती म्हणे, आणि तिची चांदी आमच्या बैलांच्या शिंगांवर चढली होती. ज्यानं त्यानं ज्वारीची शेतं मोडून कापूस पेरला. दिवाळी झाली की आमच्या घरात माणसं कमी आणि कापूस जास्त. माजघरात कापूस, पडवीत कापूस, पाहुणा आला तर त्याला कापसावर बसवायचं आणि मग शोधायचं. दिवसभर चरख्या कुरकुरायच्या, रुई एकीकडे, सरकी दुसरीकडे. सरकीचा तो तेलकट, उबट वास भाकरीलासुद्धा यायचा. हवेत तंतू उडायचे. मायच्या भुवयांवर बसायचे, दुधावर बसायचे, आणि संध्याकाळी दिवा लावला की ज्योतीजवळ येऊन चट् करून जळायचे. अजून कधी तसा चट् आवाज आला की मी मागे वळून बघते.

वेचणीच्या पहिल्या दिवशी माय शेतात दहीभाताचा नैवेद्य न्यायची. पहिलं फुटलेलं बोंड पळसाच्या पानावर ठेवायची आणि काळ्या आईपुढं डोकं टेकायची. बाया उखाण्यात नवऱ्यांची उणीदुणी काढायच्या. मला वाटायचं, हे असंच चालणार. कापूस फुटणार, चांदी चढणार, आणि माझा दादा बैलगाडीच्या धुरेवर उभा राहून वेशीतून आरोळी ठोकणार.

बा मला एकदा गाडीतून अकोल्याला घेऊन गेला. तिथं एका साहेबाचा बंगला होता. कुंपणातून बघितलं तर पायऱ्यांवर दोन्ही बाजूंनी तांबड्या कुंड्या, आणि त्यांत कसली कसली झाडं, पट्ट्यापट्ट्यांच्या पानांची. एक मडम झारीनं त्यांना पाणी घालत होती. झारीच्या तोंडातून पाऊस पडत होता! आमच्याकडं पाऊस आभाळातून पडायचा तोही धड नाही, आणि इथं बाईच्या हातातून पडतोय. मी तिथंच ठरवलं की आपण मडम व्हायचं. रंगाचं आपल्या हातात नव्हतं, म्हणून सुरुवात कुंड्यांपासून.

घरी आल्यावर हट्ट मांडला. बा हसून हसून खोकला. "येवढी काळी जमीन पडली हाये पोरी, अन् तू झाड मडक्यात कोंडतं? जमीन कमी पडली का तुले?"

माय ज्वारी पाखडत होती. सूप न थांबवता ती म्हणाली, "कोंडू द्या न. साहेब आज हाये, उद्या नाही, म्हून त्याचं झाड कुंडीत. ज्याले जायाचं असते त्यानं जमिनीत कावून लावाव? पोरीची जात बी तशीच. उचलून नेता येते."

माझं लग्न झालेलं होतं, नांदायला जायचं तेवढं राहिलं होतं. मायच्या बोलण्यात काय होतं ते मला तेव्हा कळलं नाही. मला एवढंच कळलं की परवानगी मिळाली. फुटका माठ, कड गेलेला डेरा, बूड राहिलेला रांजण, सगळं गोळा करून मी अंगणात ओळ मांडली, आणि प्रत्येकात शेतातली काळीभोर माती दाबून दाबून भरली. वर सांगितलं ना, कैदाशीण. ती मीच आमंत्रण देऊन बसवली.

आणि झाडं आणायची कुणी? दादानं.

माझा भाऊ महादू. मी दादा म्हणायची. मिसरूड फुटलेलं, ओठांवर सदा शीळ, आणि खोटं बोलताना उजवा कान लाल व्हायचा. हंगामात तो गावच्या गाड्यांबरोबर कापूस घेऊन जायचा. तेव्हा आगगाडी आमच्यापर्यंत आली नव्हती. रूळ जिथं संपले असतील तिथपर्यंत गाड्या हाकायच्या, गठ्ठे उतरवायचे, परत यायचं. दर साली रूळ थोडे जवळ सरकायचे आणि दादा थोडा लवकर परतायचा. माय म्हणायची, "येऊ दे बाप्पा थे आगगाडी एकदाची दाराशी. माहं लेकरू घरी तरी राहील."

बैलांच्या गळ्यात बा नं पितळी घुंगरं बांधली होती. गाड्या वेशीपासून लांब असायच्या, तेव्हाच मी ओळखायची. त्या सगळ्या खळखळीत आमच्या बैलांचा आवाज वेगळा होता. एका घुंगराला चीर होती, ते मध्येच खोकल्यासारखं वाजायचं.

दादा उतरायचा, बैल सोडायच्या आधी कमरेची गाठ सोडायचा. "घे वं मडमिणी, तुही बाग." हे नाव त्यानंच ठेवलं होतं. पहिल्या खेपेला त्यानं गुलाबाची फांदी आणली, कच्च्या कापसात गुंडाळून, कापूस भिजवून. घरी येईस्तोवर फांदीचं सरपण झालं होतं.

"अरे पोट्ट्या," बा म्हणाला, "कापूस पिकवतं अन् थ्याले येवढं माहीत नाही? कच्चा कापूस तेल धरते, पानी नाही धरत."

मग दादानं युक्ती काढली. पुढच्या खेपेपासून तो आपल्या पागोट्याचं टोक फाडायचा, ओलं करायचा आणि त्यात फांदी बांधून आणायचा. वाटेत लागेल त्या ओढ्यावर ती चिंधी भिजवायचा. बरोबरचे गाडीवान म्हणे त्याला हसायचे, बैलांआधी फांदीला पाणी पाजतो म्हणून. फांद्या हिरव्या यायला लागल्या. पागोटं मात्र आखडत गेलं.

माय विचारायची, "हे पागोटं आखूड कावून होऊन राह्यलं रे?"

"डोकस्कं मोठं झालं माय," दादा म्हणायचा, आणि उजवा कान लाल.

त्यानं काय काय आणलं! मोगरा आणला, तो मी पाणी घालून घालून बुडवला. शेवंती आणली, ती काळ्या मातीच्या भेगेत अर्धी आत गेली आणि तिथंच राहिली. पट्ट्यापट्ट्यांच्या पानांचं एक झाड कुण्या बंगल्याच्या माळ्याला विडीकाडी देऊन आणलं. त्याच्यापुढं मी दोन दिवस पाटावर बसून मडमीसारखी मान वाकडी करून पाहिली, तिसऱ्या दिवशी शेळीनं त्याचा नाश्ता केला. मी शेळीला बोलले नाही. दादाला बोलले. असंच झाड कावून आणतं जे शेळीले आवडते? कंटाळून त्यानं कोरांटी आणली. ती जगली. पण कोरांटी आमच्या प्रत्येक कुपाटीला! मी नाक मुरडलं. मडमीच्या पायरीवर कोरांटी कुणी पाहिली आहे का?

आणि मग मी ती अट घातली. कंबरेवर हात, नाकात नथ.

"असं झाड आण दादा, जे मरत बी नाही अन् दिसते बी चांगलं."

तो बैलाच्या पाठीवरून हात फिरवत होता. म्हणाला, "दोन्ही? अवं, माह्यासाठी बायको पाहून राह्यली माय, थे बी येवढं मागत नाही."

"मले दोन्ही पायजे."

"बरं मडमिणी. नाही मरत असं आणतो."

त्या फाल्गुनात तो निघाला तेव्हा बा नं त्याला नवं तांबडं पागोटं घेतलं होतं. जुनं, हातभर उरलेलं, बैठकीतल्या खुंटीला अडकवून तो गेला. घुंगरं वाजत गेली. ते एक खोकत गेलं.

गाड्या परत आल्या. मी नेहमीसारखी वेशीपर्यंत पळाले. आमचे बैल होते, आमची गाडी होती, धुरेवर शेजारचे गोविंदाकाका बसले होते.

"दादा कुठं हाये?"

"तुहा दादा शायना झाला," काका हसत म्हणाले. "आगगाडीत गठ्ठे भरले, अन् गठ्ठ्यासंगं हे बी बसलं. मने मुंबई पाह्यतो, समिंदर पाह्यतो, मांगच्या मांग येतो. बा ले सांगजा रागवू नका. अन् हे तुह्यासाठी."

तांबडी चिंधी. ओली. आत एक पान. जाडसर, गुळगुळीत, कडेनं नागमोडी कातरलेलं. देठ बोटाच्या पेराएवढा. फांदी नाही, मूळ नाही, डोळा नाही.

"नुसतं पान?"

"थ्यानं सांगतलं, मडमिणीले मना हे मरत नाही."

पानाला कुणी लावतं का? मी ते पान घरी सगळ्यांना दाखवलं. बा म्हणाला, वाटेत फांदी मोडली असंल. माय पानाकडं बघतच नव्हती. तिनं चिंधी उजेडात धरली. "नवं बी फाडलं," ती म्हणाली. "नवं कोरं पागोटं! येऊ दे त्याले घरी."

अशी दोघींची दोन भांडणं तयार झाली. माझं म्हणणं असं की हे पान वाळणार, आणि दादा आला की त्याच्या नाकासमोर धरून विचारायचं, हेच का तुहं न मरणारं झाड? पुरावा जपून ठेवायला हवा. म्हणून मी पाटावर चढले आणि खुंटीवरच्या त्याच्या जुन्या पागोट्याच्या घडीत ते पान खोचून ठेवलं. मातीबिती काही नाही. पाणी नाही.

चैत्र आला. झळा लागायला लागल्या. अंगणातल्या माझ्या मडक्यांत धूळ उरली, कोरांटीनंसुद्धा माना टाकल्या. मी रोज सकाळी पाटावर चढून पान बघायची. वाळत नव्हतं. मला राग यायचा. गाड्यांच्या आणखी खेपा झाल्या. गोविंदाकाका प्रत्येक खेपेला तिकडं विचारून यायचे आणि आमच्या दारावरून जाताना मान खाली घालायचे. आता त्यांच्याकडं काही नसायचं, चिंधीसुद्धा नाही.

बा स्वतः गेला. जिथं रूळ संपत होते तिथं गेला, तिथून पुढं गेला. परत आला तेव्हा पायांना मुंबईची धूळ होती की आणखी कुठली, कुणी विचारलं नाही. कुणी म्हणे ताप आला होता, कुणी म्हणे गोदीत कामाला लागला, कुणी म्हणे एक पोरगा समुद्रात फार आत गेला होता पाहायला, पण तो आपला नव्हे. बा नं हात धुतले, भाकरी मोडली, आणि तशीच ठेवली. मग उठून गोठ्यात गेला आणि बैलांच्या गळ्यातली घुंगरं सोडून काढली. प्रत्येक खळखळीला माय चुलीवरचं तवा-उलथणं टाकून दाराशी धावायची, ते त्याला बघवत नव्हतं. त्यानंतर आमच्या गाड्या मुक्या जायच्या आणि मुक्या यायच्या.

अशात एक दिवस मी पाटावर चढले, तर पानाच्या कडेला, जिथं ते कातरलेलं असतं त्या प्रत्येक खाचेत, तिळाएवढं काही तरी. मला वाटलं कीड लागली. बरं झालं, म्हटलं. पण ते तीळ फुगले. प्रत्येकाला दोन दोन इवलाली पानं फुटली आणि खालून तांबूस दोऱ्यासारखी मुळं निघाली. माती नाही, पाणी नाही, भिंतीवर, खुंटीला! मी कुणाला सांगितलं नाही. ते भांडण दुसऱ्या कुणाशी बोलायचं नव्हतंच. दादा जिंकला होता, आणि ऐकायला घरी नव्हता.

त्या खुंटीला कुणी हात लावायचा नाही, असं माय बोलली नव्हती, पण तसं झालं होतं. सारवताना ती तेवढी जागा सोडायची. पागोट्यावर कापसाचे तंतू बसले होते, तेही तिनं झटकले नाहीत. दादाचं ताट ती रोज वाढायची आणि झाकून ठेवायची.

पेरण्या आटोपल्या. भर दुपारी माय बैठकीत आली. पाटावर चढली. मी दारात होते. तिनं पागोटं खुंटीवरून काढलं आणि मांडीवर घेतलं. मोठं पान आता कागदासारखं झालं होतं, सगळा जीव त्यानं कडेच्या पिलांना देऊन टाकला होता. पिलं हिरवीगार. मुळांना दुसरं काही मिळालं नव्हतं, म्हणून ती पागोट्याच्या विणीत शिरली होती, त्याच्या घामाच्या कापडात. माय नखानं हलकेच सोडवायला बघत होती. सुटेनात. ओढलं तर तुटली असती.

मग मायनं पागोट्याची कड दातात धरली आणि टर्रकन फाडली.

मी किंचाळले, "माय! कावून फाडलं? दादा रागवंल!"

माय माझ्याकडं बघत नव्हती. "रागवू दे," ती म्हणाली. "रागवाले तरी यील."

तिनं तो तुकडा पिलांसकट माझ्या हातात ठेवला. "लाव आता. रेती घाल त्यात, तुही काळी नको. मातीत लाव."

मी लावलं. पागोट्यासकट. माय शेजारी उकिडवी बसली होती, आणि तिनं पहिलं पाणी घातलं, ओंजळीतून, बोटांच्या फटींतून, झारीसारखं. त्या संध्याकाळी तिनं त्याचं ताट वाढलं नाही.

मडम व्हायचं माझं तिथंच संपलं.

आगगाडी मग दाराशी आली. अकोल्याला इंजिन आलं तेव्हा गावंच्या गावं गाड्या जुंपून बघायला गेली. कुणी नारळ फोडला, कुणी चाकांना कुंकू लावलं. सगळे त्या धुरांड्याकडं आ करून बघत होते. माय तेवढी इंजिनाकडं पाठ करून उभी होती आणि डब्यांतून उतरणाऱ्यांची तोंडं बघत होती. शेवटचा माणूस उतरल्यावर म्हणाली, "चाला." तिकडली लढाई मिटली म्हणे, बैलांच्या शिंगांवरची चांदीही उतरली. तिचं आम्हा कुणाला फार काही वाटलं नाही.

नांदायला निघाले तेव्हा मी कुंडी मांडीवर घेऊन गाडीत बसले. लोक हसले, नवरीच्या मांडीवर मडकं म्हणून. मायचं खरं होतं, उचलून नेता येते. त्या झाडाला पानफुटी म्हणतात हे मला सासरी गेल्यावर एका वैदूनं सांगितलं. आमच्यात दादाचं पानच म्हणायचे. हिवाळ्यात त्याला उंच दांड्यावर कंदिलासारखी फुगीर फुलं लोंबतात, पोरं ती कपाळावर आपटून फट्ट वाजवतात. दिसतं चांगलं. मरतही नाही. दोन्ही.

हे आठवेस्तोवर ओट्यावर सगळ्या कुंड्या भरल्या होत्या, एक राहिली होती. नातसून म्हणाली, "आजी, हिच्यात तुमचं पानफुटीचं लावू का?"

मी कोपऱ्यातल्या झाडाचं एक पान खुडून तिला दिलं. ती वाकून मातीत खोचायला लागली.

"मातीत नको," मी म्हटलं. "आधी आत खुंटीला अडकव."

"कावून वं आजी? खुंटीवर वाळंल न थे!"

"वाळू दे," मी म्हटलं. "मी दर साली अडकवून पाह्यते. एकदा जरी वाळलं, तर थ्याले भांडाले यावंच लागंल."

तिला काही कळलं नाही. पण पोरगी गुणाची. पाटावर चढली आणि पान खुंटीला अडकवलं. आज सकाळी मी चष्मा लावून बघून आले.

कडेला तीळ धरलेत.